चोर्ला घाटासाठी प्रॉग रॉकची प्लेलिस्ट करालोय, वीस मिनिटांचं गाणं घालू का नको?

उद्यमबाग_नाईटशिफ्ट
सोमवार, रात्री १.२०

नमस्कार मंडळी, आधीच सांगतो मी काय जाणकार नाही. बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर आहे. नाईट असली की जॉब लावायचा, दार बंद करायचं आणि मग बारा-चौदा मिनिटं नुसतं मशीनकडं बघत उभं राहायचं. तेवढ्यात एक गाणं होतंय. खरं सांगायचं तर सायकल टाईम (एक जॉब व्हायला लागणारा वेळ) आणि गाण्याची लांबी जुळली म्हणून मला प्रॉग रॉक, म्हणजे ते लांबलचक, मधेच चाल बदलणारं रॉक, लागलं, दुसरं काय कारण नाही. तीन-चार मिनिटांची गाणी असली की सारखा फोन खिशातनं काढावा लागतोय. (आमचे सुपरवायझर वाचत असतील तर हे सगळं जेवणाच्या सुट्टीतलं आहे असं समजा.)

पण ॲप आपल्या मनानं जे लावतंय ते घाण्याच्या बैलागत एकाच गोलात फिरतंय. एकदा पिंक फ्लॉइड ऐकलं की परत पिंक फ्लॉइड, मग त्यांचंच लाईव्ह, मग त्यांचंच रीमास्टर. सहा महिने मला वाटत होतं प्रॉग म्हणजे जगात चार-पाच बँड आणि संपलं. मग एका रात्री सर्चमध्ये कुणीतरी परक्या माणसानं केलेली प्लेलिस्ट सापडली, ४३ गाणी, कव्हरला कुत्र्याचा फोटो. वर दोनच ओळी लिहिलेल्या, की शफल बंद करा आणि पहिल्या तीन गाण्यांत उडी मारू नका. मी नाही मारलो. पहिलंच कॅमलच्या द स्नो गूझ मधलं, १९७५ चा अल्बम, सगळा नुसता वाजवलेला, गाण्याचे शब्दच नाहीत. मग पीएफएम म्हणून इटलीचे लोक. भाषा कळेना पण इंग्लिश तरी मला कुठं धड कळतंय. मग जेनेसिसचा एक दीड-पावणेदोन मिनिटांचा नुसता गिटारचा तुकडा, होरायझन्स, आणि त्याला लागूनच सपर्स रेडी, जवळजवळ २३ मिनिटं. मोठं जेवण वाढायच्या आधी ताटात जरा लिंबू-मीठ ठेवल्यागत तो छोटा तुकडा ठेवलाय. मी म्हटलं, कुठला कोण माणूस, पण काय डोकं लावलाय बघा. ॲपला हे कधी सुचलं असतं?

तर मुद्दा असा. पुढच्या शनिवारी आम्ही सहाजण गोव्याला चाललोय, जांबोटी-कणकुंबी-चोर्ला. गाडी मित्राच्या मामाची, चालवणार पण मामाच. गाण्याचं काम माझ्याकडं आलंय कारण मागच्या वेळी ज्याच्याकडं होतं त्यानं लोंढ्यापर्यंत एकच गाणं चारदा लावलं. ग्रुपात दोघे कन्नड, एक कोकणी, बाकी आम्ही. प्रॉग ऐकणारा मी एकटाच. तीन-साडेतीन तासांचा रस्ता आहे. तर,

वीस मिनिटांचं गाणं गाडीत घालावं का, का लोक मला सुर्ल्याजवळ उतरवून जातील? सुरुवात कशानं करायची? आणि मधेमधे मी बोलून सांगायचं का हे काय आहे ते, का गप्प बसायचं? आमचा स्वभाव गप्प बसायचा नाही म्हणून विचारालोय.


वडगाव_बेस
सोमवार, रात्री १.५५

फॉलो करालोय. माझ्याकडं पण हीच ट्रिप आहे पण बायको बरोबर आहे, त्यामुळं प्रॉग वगैरे काही चालणार नाही.


कॅसेटकाका
मंगळवार, सकाळी ७.१०

अरे पोरा, तुझं वाचून मला १९९१-९२ आठवलं. तेव्हा आमच्या कॅम्पात एक रेकॉर्डिंगचं दुकान होतं. त्याच्याकडं कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी द्यायची, चार दिवसांनी भरून मिळायची. ६० ची घेतली तर एका बाजूला तीस मिनिटं, ९० ची घेतली तर पंचेचाळीस. सगळा संसार त्या पंचेचाळीस मिनिटांत बसवायचा. जेथ्रो टलचा थिक ॲज अ ब्रिक, १९७२ चा, अख्खा अल्बम म्हणजे एकच गाणं, ४३-४४ मिनिटांचं, तबकडीवर मधेच उलटावी लागायची पण ९० च्या कॅसेटला एका बाजूला बसायचं. ते बघून मला इतका आनंद झाला होता की गाणं आवडायला पुढं वर्ष गेलं ते मी कुणाला सांगितलं नाही.

आता तुझ्या प्रश्नाला धरून एक सांगतो. तो दुकानवाला बाजूच्या शेवटी पाच-सहा मिनिटं उरली की टेप कोरी जाऊ नये म्हणून आपल्या मनानं काहीतरी भरायचा, पैसे नाही घ्यायचा त्याचे. एका कॅसेटला त्यानं असं किंग क्रिमझनचं स्टारलेस भरलं, रेड अल्बमचं, १९७४. ते गाणं बारा मिनिटांचं. उरली होती साडेचार. म्हणजे गाणारा माणूस गाऊन संपला, गिटार जरा थांबली, खालनं बेस नुसता पावलं टाकायला लागला आणि खट्. टेप संपली. आणि मला वर्षानुवर्षं वाटत होतं गाणं तिथंच संपतं! मी ते किती लोकांना ऐकवलो, बघा कसा शेवट केलाय म्हणून. पुढं पुण्याला नोकरीला असताना एकाच्या खोलीवर पूर्ण ऐकलो तेव्हा कळलं की सगळी गंमत तिथनं पुढं आहे. गिटारवाला एकच स्वर धरून बसतो आणि मागनं सगळं हळूहळू चढत जातं. मी त्याच्या पलंगावर बसून होतो, चहा गार झाला.

म्हणून लांब गाणं घाल, पण अर्धं घालू नको. आणि ठेवायचं कुठं ते रस्ता बघून ठरव. जांबोटी सोडल्यावर रान लागतं, तिथनं पुढं वीस मिनिटं कोण उतरा म्हणत नाही.

अजून एक, स्टारलेसमधला तो व्हायोलिनच्या ताफ्यासारखा आवाज येतो ना, ते मेलोट्रॉन. पेटीसारख्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, त्यावर खरं वाद्य रेकॉर्ड केलेलं. पट्टी दाबून धरली की साधारण आठ सेकंद वाजतं आणि संपतं, परत दाबायचं. म्हणजे ते लोकसुद्धा कॅसेटवरच वाजवत होते म्हण की.


पूर्ण_अल्बमच_ऐका
मंगळवार, सकाळी १०.४०

मला हे प्लेलिस्ट प्रकरण मुळातच पटत नाही, स्पष्ट बोलतो राग मानू नका.

आधी एक दुरुस्ती. होरायझन्स आणि त्याला लागून सपर्स रेडी हे त्या कुत्र्याच्या फोटोवाल्या माणसाचं डोकं नाही भावा, १९७२ च्या फॉक्सट्रॉट अल्बमवरच ती दोन गाणी तशी एकापाठोपाठ आहेत. जेनेसिसनंच ठेवलेली. त्यानं नुसतं उचलून चिकटवलं आणि कौतुक त्याला मिळालं. हेच मला खटकतं. हे लोक अख्खा अल्बम एक वस्तू म्हणून करायचे, कुठलं गाणं कुठं संपवायचं, तबकडी कुठं उलटायची, कव्हरवर चित्र काय, सगळं. थिक ॲज अ ब्रिकचं कव्हर तर अख्खं खोटं वर्तमानपत्र आहे, बारा पानांचं, काकांना माहीत असेल. पिंक फ्लॉइडच्या विश यू वेअर हिअर मध्ये शाईन ऑन हे गाणं दोन तुकड्यांत कापून एक तुकडा सुरुवातीला आणि एक शेवटाला ठेवलाय, मधली तीन गाणी त्या दोघांच्या मधे आहेत म्हणून त्यांना अर्थ आहे. त्यातलं एकच उचलून लावणं म्हणजे संगीत नाटकातलं एक पद ऐकून नाटक बघितलं म्हणणं. आणि संगीत नाटकाचं मी बेळगाववाल्यांना सांगायला नको, अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे.

गाडीत लावायचंच असेल तर तीन अल्बम घे, अख्खे लाव. येसचा क्लोज टू द एज (१९७२, तीनच गाणी), विश यू वेअर हिअर (१९७५), आणि रेड. झालं, दोन तास. येसचा टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स मात्र नेऊ नको, ऐंशी मिनिटांत चार गाणी आहेत. त्यांच्या गायकानं, जॉन अँडरसननं, योगानंदांच्या आत्मचरित्रातली एक तळटीप वाचून, श्रुती-स्मृती-पुराण-तंत्र अशी विभागणी धरून केलाय. मला जीव की प्राण आहे पण पुढच्याच वर्षी त्यांचा कीबोर्डवाला रिक वेकमन कंटाळून बँड सोडून गेला, तुझ्या गाडीतले लोक तर काय...


कॅसेटकाका
मंगळवार, सकाळी ११.०५

@पूर्ण_अल्बमच_ऐका नाटकाचं बरोबर बोललास पण उलटं बोललास बाळा. किर्लोस्करांचं शाकुंतल १८८० चं, मी काय ते बघायला नव्हतो. आमच्या पिढीनं नाटकं बघितली किती आणि पदं ऐकली किती? पदं सगळी रेडिओवर, सुटी, कुठलं कुठल्या नाटकातलं माहीत नसायचं. त्या पदांपायी मग कुठं प्रयोग लागला तर जायचो. दार कुठनं तरी उघडायला पाहिजे की नको? गाडीत अख्खे तीन अल्बम लावलास तर तो मामा पहिल्या टोल नाक्याला टेप बंद करून भक्तिगीतं लावेल.

आणि ज्यानं चिकटवलं त्यानं निदान ती दोन गाणी तोडली नाहीत एवढं तरी मान. ॲपनं तोडली असती.


पूर्ण_अल्बमच_ऐका
मंगळवार, सकाळी ११.३०

तेवढं मानतो. चोर्ल्याला टोल नाही काका.


खानापूर_पखवाज
मंगळवार, दुपारी ३.१५

मी रॉकवाला नाही, भजनात पखवाज वाजवतो, तबला पण शिकलोय थोडा. धाकट्या भावानं असल्याच एका प्लेलिस्टवरनं मला हे ऐकवलं आणि आता मी त्याच्यापेक्षा जास्त ऐकालोय. त्यामुळं माझं उत्तर जरा वेगळ्या बाजूनं आहे.

तुझ्या गाडीतल्या लोकांना प्रॉग माहीत नाही हे खरं, पण मात्रा माहीत आहेत. आपल्याकडं कुठल्याबी गावात चारजण तरी टाळ धरलेले सापडतील. तेव्हा बँडची माहिती वगैरे सांगत बसू नको, मात्रा मोजायला लाव. पीटर गॅब्रिएलचं सॉल्सबरी हिल लाव पहिलं, १९७७ चं, चार-साडेचार मिनिटांचं, ऐकायला एकदम सोपं, गोड, आणि सातात आहे. लोकांना कळणार पण नाही की सातात आहे, नुसतं वाटेल की हे सारखं पुढं पडालंय, कुठंतरी एक पाऊल कमी आहे. मग सांग मोजा म्हणून. मग पिंक फ्लॉइडचं मनी लाव, ते पण सात. पण इथं एक गंमत आहे, रूपक म्हणून हात लावायला जाशील तर बसत नाही. रूपक तीन-दोन-दोन आणि समेलाच, म्हणजे पहिल्या मात्रेलाच, खाली, हात हलका. मनी मला तरी चार-तीन असं पडतंय आणि पहिल्या मात्रेला चांगलं ठोकून पडतंय. मी आठवडाभर मांडीवर रूपकच धरून बसलो होतो आणि सारखा चुकत होतो, भाऊ हसत होता. आणि गिटारचा सोलो आला की ते लोक गुपचूप चारात जातात, सोलो संपला की परत सातात. लग्नाच्या वरातीत बँडवाला चाल बदलतोय तसं, कुणाला न सांगता.

मग जेथ्रो टलचं लिव्हिंग इन द पास्ट, पाचात. दहा मात्रांच्या झपतालाच्या अर्ध्यात हात बसतोय, दोन-तीन असा नाही, तीन-दोन असा धर. हे छोटं आहे, तीन-साडेतीन मिनिटं. काकांनी सांगितलेल्या स्टारलेसचा मधला भाग तेरा मात्रांचा आहे. तेरा आपण कोण रोज वाजवत नाही त्यामुळं तिथं मोजायचं सोडून द्यायचं आणि नुसतं त्या बेसवाल्याच्या मागनं चालायचं. सपर्स रेडीच्या शेवटाकडं नऊ मात्रांचा तुकडा आहे, त्याच्या नावातच ९/८ लिहिलंय, त्यांनी आकडा लपवला पण नाही.

एक विनंती, तेरा आणि नऊ घाटात लावू नको. मामा जर चुकून मोजायला लागले तर वळणावर काय होईल सांगता येत नाही.

लांबीचं म्हणशील तर आमच्याकडं भजन रात्री दहाला बसतं, नमन, रूपाचे अभंग, गवळणी, भैरवी, पहाट होते. वीस मिनिटांना कोण लांब म्हणतंय?


मेटल_मर्दा
मंगळवार, संध्याकाळी ६.००

ड्रीम थिएटर लाव, बाकी सगळं म्हाताऱ्यांचं आहे.


खानापूर_पखवाज
मंगळवार, संध्याकाळी ६.२०

@मेटल_मर्दा त्यांचा इमेजेस अँड वर्ड्स अल्बम १९९२ चा आहे भावा. तो पण तिशी ओलांडून गेला.


अनगोळ_वायरिंग
मंगळवार, रात्री ८.३०

सगळे संगीतावर बोललात, कामाचं कोण बोललं नाही. मी मागच्या पावसात हेच करून फसलोय म्हणून सांगतो.

जांबोटीच्या पुढं नेटवर्क धरून चालू नको. सगळं आधी डाऊनलोड कर आणि घरी फोन फ्लाईट मोडवर टाकून खरंच वाजतंय का बघ, नुसती हिरवी खूण बघून विश्वास ठेवू नको. माझं कणकुंबीच्या अलीकडं बंद पडलं आणि मग पुढचा दीड तास एकाच्या फोनमधली रिंगटोन ऐकत गेलो. शफल बंद. क्रॉसफेड शून्यावर आण, ते चालू असलं की एका गाण्याचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात जातं आणि जिथं मुद्दाम शांतता ठेवलीय तिथं पुढचं गाणं घुसतं. आणि गॅपलेस चालू ठेव, कारण अल्बमला जी दोन गाणी एकमेकांत मिसळतात तिथं मधे अर्धा सेकंद जरी खड्डा पडला तरी कानाला लागतो. पिंक फ्लॉइडच्या डार्क साईड ऑफ द मून सारखा अल्बम तर सगळा असाच जोडलेला आहे. ब्लूटूथवर हा खड्डा पडतोय का ते पण गाडीतच तपास, घरी स्पीकरवर नाही.

मग व्हर्जन. एकाच गाण्याची सहा-सात व्हर्जन येतात. स्टीव्हन विल्सननं किंग क्रिमझन, येस, जेथ्रो टल यांचे जुने अल्बम परत मिक्स केलेत, ते गाडीत जास्त स्वच्छ ऐकू येतात असं माझं मत. विल्सन म्हणजे पॉर्क्युपाईन ट्री बँडवाला. त्यांचं पण एखादं घाल, इन ॲब्सेंशिया २००२ चा आहे, निदान मेटल_मर्दा गप्प बसेल. लाईव्ह व्हर्जन शक्यतो टाळ, पब्लिकच्या शिट्ट्या आणि घाटातला वारा एकच वाटतंय.

आणि जर प्लेलिस्ट सगळ्यांना उघडी ठेवणार असलास तर घरातनं निघायच्या आधी त्याची एक कॉपी स्वतःकडं काढून ठेव. उघड्या प्लेलिस्टमध्ये कोणी पण घालू शकतो तसं कोणी पण उडवू शकतो. आमच्या एका मित्रानं मी दोन महिने जमवलेली यादी फोन खिशात असताना मांडीनं उडवली असं तो अजून सांगतो.


निपाणीची_अक्का
बुधवार, सकाळी ९.४५

सगळा धागा वाचला. छान चाललंय पण एवढ्या बोलण्यात एक तरी बाई आली का? आणि जवळजवळ सगळं इंग्लंडचं, ते पण १९६९ ते ७७. फॅन लोकांच्या प्लेलिस्टमध्ये हेच होतं, प्रत्येकजण आपण काहीतरी वेगळं करतोय म्हणतो आणि प्रत्येकाच्या यादीत तीच बारा गाणी. मी अशा चाळीसेक याद्या तरी ऐकल्या असतील म्हणून बोलतेय. मला तर सवयच लागलीय, पहिली दहा गाणी ओळखीची असली की सरळ खाली जायचं आणि वरनं नाही, तळातनं ऐकायचं. खरा माणूस यादीच्या शेवटी सापडतो. वरची गाणी लोकांसाठी घातलेली असतात, खालची स्वतःसाठी.

तर दादा, रेनेसान्स ऐक. ॲनी हॅस्लम गाते. ॲशेस आर बर्निंग, १९७३, अकरा मिनिटं. पियानो आणि तिचा आवाज, गिटारचा सोलो पार शेवटाला, गाडीत झोपलेल्याला पण त्रास नाही. कर्व्ह्ड एअरची सोन्या क्रिस्टिना पण आहे. मग आपल्याकडचं. बेंगळुरूचे अगम, कर्नाटक संगीत आणि प्रॉग, तुझ्या दोन्ही कन्नड मित्रांना पहिल्या आलापात ओळख पटेल. कोचीचे मदरजेन, मक्तूब नावाचा अल्बम २००८ चा, त्यात गिटार वीणेसारखी वळते. मुंबईचे कोशिश, हिंदीत, फिरदौस २०१३ चा, अख्खा अल्बम एका धाग्यातला, अल्बमवाल्या दादांना पण चालेल. आणि शक्ती राहिलेच. जॉन मॅकलॉफ्लिनबरोबर झाकीर हुसेन, एल. शंकर, विक्कू विनायकराम. ते प्रॉग नाही म्हणतील काहीजण, म्हणू देत, खानापूरवाल्या दादांना विचारा.

गप्प बसायचं का बोलायचं याचं माझं उत्तर असं की दोन्ही नको. आम्ही पाच मैत्रिणी गेली तीन वर्षं एक यादी चालवतोय, पाचातल्या तिघी लग्न होऊन बाहेर गेल्यात, एक तर हुबळीला शाळेत शिकवते. नियम दोनच. महिन्याला एकीनं एकच गाणं घालायचं, आणि घातलं की ग्रुपवर दोन ओळी लिहायच्या, हे कधी ऐकलं आणि का घातलं. बँडचा इतिहास लिहायचा नाही, तो कुठंही मिळतो. एकीनं लिहिलं होतं की बाळाला ताप होता, रात्री तीनला हे लावून फिरवत होते, चौथ्या मिनिटाला झोपलं. ते कॅमलचं होतं. ते गाणं मी त्याआधी वीसदा तरी ऐकलं असेल, पण चौथ्या मिनिटाला काय होतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तसं कर. प्रत्येकाला एक गाणं घालायला सांग, मामांना पण. प्रॉगच पाहिजे असं नाही.


पूर्ण_अल्बमच_ऐका
बुधवार, सकाळी १०.१०

अक्का, रेनेसान्सचं मी विसरलो याची लाज वाटली. कोशिश आजच ऐकतो.

आणि फॅन लोकांना मी काल जरा जास्तच बोललो. याच लोकांनी १९९७ साली मॅरिलियनसाठी अमेरिकेतल्या दौऱ्याचे पैसे इंटरनेटवरनं आपापसांत गोळा केले होते, साठ हजार डॉलर, बँडनं मागितले पण नव्हते. पुढं २००१ चा अल्बम तर त्यांनी चाहत्यांकडून आगाऊ पैसे घेऊनच केला. तेव्हा प्लेलिस्ट करणं म्हणजे त्यामानानं काहीच नाही, करू देत.


मेटल_मर्दा
बुधवार, दुपारी १.३०

मॅरिलियन पण म्हाताऱ्यांचं.


उद्यमबाग_नाईटशिफ्ट
सोमवार, रात्री २.०५

आलो परत. सगळ्यांचे आभार, आता काय झालं ते सांगतो, सगळं काही जमलं नाही.

सकाळी सहाला निघालो. पखवाजवाल्या दादांचं ऐकून सॉल्सबरी हिलनं सुरुवात केली, मोजा म्हटलं तर मागचे दोघे झोपलेले. पुढं मनी लावलो तर मामा पिरनवाडीच्या आसपास म्हणाले ह्याचा ठेका चुकालाय की रे, मी म्हटलं चुकालेला नाही, सात आहेत. मग गप्प झाले. जरा वेळानं बघतो तर स्टिअरिंगवर बोट चाललंय. सोलो आल्यावर बोट थांबलं, माझ्याकडं बघितले, मी काय बोललो नाही. अक्का, खरंच नाही बोललो.

जांबोटीच्या पुढं क्लोज टू द एज, पावणेएकोणीस मिनिटं. सुरुवातीला पक्षी आणि पाण्याचा आवाज आहे ना, तर एकानं काच खाली केली, त्याला वाटलं बाहेरचा आवाज आहे. बाहेर पाऊस होताच. मग सगळं अंगावर आल्यावर कोकणी मित्र म्हणाला हे मिक्सर बंद कर. सहा मिनिटं कशीबशी झाली आणि बंद करावं लागलं. काका, अर्धं घालू नको म्हटला होता, पण नाही जमलं. कणकुंबीला चहाला थांबलो तेव्हा त्याच मित्रानं विचारलं, ते पुढं शांत होतं का तसंच राहतं? मी म्हटलं मधे एकदम शांत होतं. म्हणाला मग तिथनं लावायचं होतं की. आता हे काय उत्तर द्यायचं.

ॲशेस आर बर्निंग चाललं, सगळ्यांना. अगम लावल्यावर कन्नड मित्र मधेच बरोबर गायला लागला, आम्हाला माहीतच नव्हतं तो गातो, आठ वर्षं एकत्र जेवतोय. वायरिंगवाले भाऊ, डाऊनलोडचं सांगितलं नसतं तर मेलो असतो, पण क्रॉसफेड शून्य करायचं विसरलो आणि स्टारलेसच्या आधीच्या शांततेत वाट लागली. स्टारलेस घाट उतरून साखळीच्या पुढं लावलो, सपाट रस्त्याला. कोण काय बोललं नाही. चांगलं का वाईट ते कळलं नाही, भूक पण लागली होती सगळ्यांना.

एक गाणं घालायचा अक्कांचा नियम परत येताना केला. पाचजणांनी घातली, त्यातली तीन सिनेमाची. मामांनी फोन घेतला, चष्मा वर केला, खूप वेळ शोधले आणि मल्लिकार्जुन मन्सूरांचं एक कन्नड वचन घातले. दोन ओळी लिहा म्हटलं तर म्हणाले माझे वडील धारवाडला माल घेऊन जायचे, ट्रकमध्ये हे लागायचं, लिही. लिहिलो.

पण त्यांनी ते शेवटाला नाही घातलं, बोट कुठं लागलं काय की, ते कॅमल आणि स्टारलेसच्या बरोबर मधे जाऊन बसलंय. कोणाला काढवेना. आज नाईटला तसंच लावून ऐकलो, कॅमलवरनं मन्सूरांवर जाताना काय अडत नाही, पण वचन संपल्यावर लगेच स्टारलेस सुरू झालं की कानाला कसंतरी होतंय, मधे काहीतरी पाहिजे. छोटं, दीड-दोन मिनिटांचं. होरायझन्स सोडून सांगा, ते आधीच वर वापरलंय.


खानापूर_पखवाज
सोमवार, सकाळी ६.४०

मधे काही घालू नको. दहा सेकंद कोरी ठेव, टाळ खाली ठेवायला लागतात तेवढी.


कॅसेटकाका
सोमवार, सकाळी ७.००

कोरी टेप ठेवायची कशी ते आता या फोनमध्ये कुणाला येत असेल तर मलाही सांगा.


अनगोळ_वायरिंग
सोमवार, सकाळी ७.२५

फोनमध्येच स्वतः रेकॉर्ड करून घालता येतं. ॲप स्वतःची फाईल घेतंय का ते आधी बघ. घेत असेल तर रात्री मशीन बंद करून दहा सेकंद शांतता रेकॉर्ड कर.


उद्यमबाग_नाईटशिफ्ट
सोमवार, सकाळी ७.५०

आमच्याकडं मशीन बंद होत नाही हो. बघतो, रविवारी घरी करतो.